बॅप-वन

समुपदेशक बाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
गेलेल्यांवर तिरकी रेघ.
ज्यांना झाला, ते काळे भरायचे.
आप्पांचा चौकोन त्यांनी इतका हळू भरला
की वाटलं, रंग रेघेबाहेर जाऊ नये म्हणून जपताहेत.

"अजून कुणाला?"
गंगव्वा आत्याचा डावा डोळा, मी म्हटलं,
इथंच मिरजेत काढला, चौऱ्याऐंशी साली.
बसाप्पा काकांची किडनी.
पण ते कारखान्याची पायरी चढले नाहीत कधी,
अंकलीच्या फाट्यावर पानाचं दुकान होतं त्यांचं.
बाईंनी मान हलवली.
पेन्सिलीला टोक केलं.

आप्पा लॅगिंगला.
हंगाम संपून बॉयलर थंड झाला
की त्यांचं काम तापायचं:
वाफेच्या नळ्यांवरची जुनी साल खरवडायची,
नवा लगदा भाकरीसारखा हातानं थापायचा,
वर पांढरी दोरी आवळायची.
मग अग्निप्रदीपन. चेअरमन, नारळ, फोटो.
फोटोत आप्पा नसायचे, नळ्या असायच्या.

घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या,
गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या करंड्यावरही पीठ.
आई उंबऱ्याबाहेर सदरा झटकायची,
तोंड एका बाजूला वळवून,
आम्ही तिथंच पायरीवर खेळत असायचो.

एका वर्षी मंडळाच्या गणपतीला कैलास करायचा ठरला.
कापूस महाग. आप्पांनी पोतंभर बर्फ आणला.
आम्ही पोरांनी मुठीमुठीनं उधळला,
शंकराच्या जटांवर, एकमेकांच्या केसांत.
पहिला नंबर आला.
बक्षिसाचं स्टीलचं पातेलं अजून आहे,
दूध तापवतो त्यात.

चाळीस वर्षं ते काहीच बोललं नाही.
मग आप्पांना जिना चढवेना.
सहा महिने टीबीच्या गोळ्या.
शेवटी पाठीतून पाणी काढलं, सव्वा लिटर,
पातळ काकवीच्या रंगाचं.

"पेशीत एक दुरुस्ती करणारा असतो," बाई सांगत होत्या,
"तुमच्या घरात तो पिढ्यान् पिढ्या एका हातानं काम करतोय.
त्यात ही धूळ."
मग जनुकाचं नाव सांगितलं, बॅप-वन.
आई कान देऊन ऐकत होती. तिला ऐकू आलं, बाप.
"बापाकडनंच आलं म्हणायचं की मग,"
ती म्हणाली, आणि तिचे हात
इतक्या वर्षांनी मांडीवर सैल पडले.
झटकलेल्या सदऱ्याचा हिशेब
ती एकटीच मांडत बसली होती तर.
"नुसतं तेवढंच नाही, मावशी," बाई म्हणाल्या.
पुढचं सांगायला त्यांना वेळ लागला.

आमच्यात जाळत नाहीत.
आप्पांना मातीत बसवलंय, मांडी घालून,
विभूती, बेल, मीठ.
छातीत तो न जळणारा कापूस.
माती सगळं खाते म्हणतात.
हे नाही खाणार.

तम्मा म्हणाला, मला नको तपासणी,
पोरीचं जमायचंय अजून. माझा चौकोन कोरा ठेवा.
ठेवला. बाईंनी आत प्रश्नचिन्ह काढलं, लहानसं.
माझं रक्त गेलंय पुण्याला.
शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी.
नाणं अजून वरच आहे.

परवा शाळेत खिचडीच्या शेडचा जुना पत्रा उतरवायला
कुपवाडची दोन पोरं आली.
तोंडाला काही नाही, एकाच्या हातात घण.
मी हजेरीपट टाकून धावले.
फोडू नका. आधी पाणी मारा, भिजू दे,
मग अख्खाच्या अख्खा उतरवा.
आणि पोरांनो, नाक झाका रे.
ते हसले.
"बाई, पत्रा काय ऊस हाय व्हय, पाणी पाजायला?"
सातवीच्या खिडक्या बंद करायला लावल्या
आणि पाईप मीच धरला.